गणिताच्या खोलीतले मासे

शिपायानं कॉलेजातल्या त्या खोलीचं दार ढकललं आणि फॉर्मॅलिनचा वास असा अंगावर आला की मी ओढणी नाकाला लावून मागे सरले. शालू मात्र सरळ आत गेली. तिच्या मागे तिची मुलगी पायल. भिंतीला लागून लोखंडी रॅक, रॅकवर काचेच्या बरण्या, बरण्यांत उभे ठेवलेले मासे. रोहू, कटला, मरळ. पाणी पिवळं पडलेलं, डोळे उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे. एका बरणीचं झाकण कधीतरी फुटलं असावं, तिच्या तोंडावर वर्तमानपत्राचा तुकडा दोऱ्यानं बांधला होता. रॅकच्या मागे फळा होता. अर्धामुर्धा दिसत होता, पण होता. 

ही आमची गणिताची खोली होती.

मी नागपूरला एका तंत्रनिकेतनात गणित शिकवते. घाटंजीला आईकडे आले की चार दिवस राहते, आईच्या हातचं खाते आणि या कॉलेजच्या रस्त्यानं चुकूनही जात नाही. या वेळी गेले ते शालूचा फोन आला म्हणून. शालू माझी शाळेपासूनची मैत्रीण, जवळच्या बंजारा तांड्यावरची. लग्नानंतरही शेजारच्याच तांड्यात नांदते. फोनवर म्हणाली, “पायलची अकरावी आहे. ते म्हणते मले गणितच पाहिजे. तू ये अन् तिले समजावून सांग.”

“काय सांगू?”

“गणित नको म्हणून सांग. तू गणितवाली आहेस, तुह्यं ऐकीन ते.”

 मला राग आला असता तर बरं होतं. राग येतो आणि जातो. मला शिसारी आली. शालूची नाही, पण नेमकी कशाची तेही सांगता येईना.

आमच्या वेळी या कॉलेजात सायन्स घेतलं की इंग्रजी, फिजिक्स आणि केमिस्ट्री सगळ्यांना असायचं. मग गणित किंवा बायो. ज्यांना हौस होती ते दोन्ही घेत. आणि यावर कॉलेजचा लाडका विषय म्हणजे मत्स्यशास्त्र. दोनशे मार्कांचं. ते घ्यायचं तर मराठी सोडायची आणि गणित-बायोमधलं एकच ठेवायचं. काय सोडायचं ते मत्स्यशास्त्राचे सर ठरवत. आमचा तालुका कापसाचा, तुरीचा, सोयाबीनचा. नदी आहे, पण उन्हाळ्यात तिच्यात पोरं क्रिकेट खेळतात. अशा गावात मराठी सोडून, गणित सोडून आख्खा वर्ग माशांचे पर मोजायचा. कारण एकच, प्रॅक्टिकलचे मार्क. ते कॉलेजच्या हातात होते आणि कॉलेजचा हात या बाबतीत फार सैल होता.

पोरं आणायची पद्धतही तेव्हा तशीच होती. दहावीचा निकाल लागायचा अवकाश, मास्तर लोक मोटारसायकली काढून गावोगावी शिकारीला निघायचे. तुकडीत पोरं भरली तर नोकरी टिकणार, म्हणून बिचारे तापल्या उन्हात तांड्यांवर, कोलामांच्या पोडांवर फिरायचे. बाजेवर बसायचे, चहा प्यायचे, “पोरगी हुशार आहे तुमची” म्हणायचे आणि उठताना शाळा सोडल्याचा दाखला खिशात घालून न्यायचे. एकदा दाखला गेला की पोरगी गेली. मग दुसऱ्या कॉलेजचा मास्तर येऊन कितीही हात जोडो.

शालूच्या घरी मत्स्यवाले सर गेले होते. मी योगायोगानं तिथेच होते. सरांच्या तळहातावर प्लास्टिकचा तुकडा असायचा आणि त्यात ते सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत राहायचे, बोलताना, शिकवताना, हाजिरी घेताना. त्या दिवशीही घोटत होते. शालूच्या बाबांनी त्यांना स्टीलच्या ताटलीत पोहे दिले. सरांनी त्याच बोटांनी खाल्ले. मग त्याच बोटांनी शालूच्या तोंडात पेढा भरवला. तिनं तो गालात धरून ठेवला आणि विचारलं, “सर, गणित आहे नं तुमच्या कॉलेजात?”

“सगळं आहे बेटा.”

खोटं नव्हतं ते. त्या वर्षी गणित होतं.

त्या पावसाळ्याची मला अजून सगळी चव आठवते. कौलांतून गळणारी ही खोली, ओल्या गणवेशांचा कुबट वास, कोपऱ्यात उलट्या टांगलेल्या छत्र्या. बायोच्या वर्गात पाय ठेवायला जागा नसायची आणि आम्ही मूठभर पोरं इथे ऐसपैस बसायचो. त्यात मुली आम्ही दोघीच. येता-जाता पोरं ओरडायची, “गणितवाल्या, लग्नात हुंड्याचा हिशोब कराले कामी पडीन!” शालू वळून म्हणायची, “तुह्याच लग्नात करून देईन, ये.” गणिताचे सर तरणे होते, तासिकेवर होते, दारव्ह्याकडचे. उदाहरण सुंदर सुटलं की ते खुदकन हसायचे, कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखे. त्या हसण्यासाठी आम्ही जीव टाकायचो.

आणि शालूचं गणित. तिच्या जीपला उशीर असला की ती कॉलेजच्या हापशीच्या सिमेंटवर बसायची, बोट पाण्यात बुडवायची आणि ओल्या बोटानं उदाहरण सोडवायची. ऊन असेल तर पहिली ओळ वाळायच्या आत शेवटची लिहिली पाहिजे. नाहीतर सगळं उडून जायचं. मी वहीत सोडवायची आणि तिच्या मागे राहायची. ती उत्तरावर पोचली की ओलं बोट माझ्या गालाला पुसायची. कुणाला वाटेल अभ्यास चाललाय. छे, तो शुद्ध चैनीचा प्रकार होता. पोळा आला, गेला. सोयाबीन निघालं, मळणीची धूळ गावभर उडाली, सगळ्यांना खाज सुटली. मग जिनिंग सुरू झालं आणि सरकीचा तेलकट वास घेऊन कापसाचे तंतू या खोलीत यायचे, फळ्यावर बसायचे. सर फुंकर मारायचे आणि पुढे लिहायचे.

शालूच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा असे. भाकरीच्या पापुद्र्यावर ती नखानं त्रिकोण काढायची, त्याच्या कोनांची नावं ठेवायची आणि मग तो कोन तोडून खायची. मी हसले की म्हणायची, “पोटात गेलं का विसरत नाही.” आम्हाला वाटायचं, असंच चालणार. सोळाव्या वर्षी माणसाला सगळंच असंच चालणार वाटतं.

दिवाळीच्या सुट्ट्या संपवून आलो तर गणिताची तुकडी बंद झाली होती. पोरं कमी म्हणून. सर फळ्याजवळ नव्हते. दारातून आत आले ते मत्स्यवाले सर, हातात तोच प्लास्टिकचा तुकडा.

“चला पोट्टेहो, उचला दप्तरं. आजपासून माह्या वर्गात.”

बाकीची पोरं उठली. काहींना तर सुटल्यासारखं झालं. शालू बसून राहिली.

“सर, मले गणित पाहिजे.”

“गणित घेऊन कोणाचं भलं झालं बेटा? मासा कसा, फसवत नाही. पाहिला, ओळखला, मार्क घेतले. संपलं.”

“पण मले ओळखाचं नाही सर. मले उत्तर काढाचं आहे.”

सर हसले. हसताना त्यांचे दात दिसले, तपकिरी, आणि खालच्या ओठावर सुपारीचा बारीक कण होता. तो कण मी आजही विसरले नाही. त्यांनी खिडकीबाहेर पिचकारी मारली, अर्धी खिडकीच्या चौकटीवर पडली, आणि ते म्हणाले, “हट्ट कराचा नाही. पाण्यात राहून माशासंग वैर कायले करतं?” वर्ग हसला. स्वतःच्या विनोदावर तेही हसले. त्या चौकटीवरचे डाग थरावर थर चढून आज काळे झालेत.

माझी आत्या यवतमाळला होती. तिथल्या कॉलेजात गणित होतं. बाबांनी आठवड्यात माझी पेटी उचलली आणि मला तिच्याकडे नेऊन टाकलं. मी काही लढले नाही, काही मिळवलं नाही. मला आत्या होती, बस. शालूला नव्हती. तिचे बाबा म्हणाले, “दगडापेक्षा वीट मऊ. शिक्षण तं चालू आहे नं?” त्यांचं काय चुकलं? तांड्यातून त्यांच्या आधी कुणाची पोरगी कॉलेजच्या बाकावर बसली नव्हती. गणित आणि मासे, दोन्ही त्यांना सारखेच लांबचे.

संक्रांतीला मी घरी आले तेव्हा शालू भेटायला आली. आईनं तिळगुळाचा लाडू तिच्या हातावर ठेवला. तिनं तो खाल्ला नाही, तसाच ताटात ठेवला आणि चमचा मागितला.

“लाडू चमच्यानं खातं का वं?” आई म्हणाली.

“हाताचा वास येते काकू.”

तिनं हात माझ्या नाकाशी धरले. राखेनं घासले होते, लिंबानं घासले होते, बोटांची सालपटं निघाली होती, आणि त्या सगळ्याखालून तो वास येत होता. गोडसर, मेलेला. ती म्हणाली, भाकरी थापताना पिठात उतरतो. झोपताना उशीत असतो. घरचे म्हणतात, आम्हाले नाही येत. मी तिचे हात धरले आणि तोंड बाजूला वळवलं. मी हात सोडले नाहीत, एवढंच.

बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले. ते मासे ओळखायला नाही, खायला यायचे. धरणावरून ताजी मरळ आणली, वर्गातल्या मुलींनी कॉलेजच्या मागे चूल मांडून ती रांधली. एका खोलीत मेलेले मासे बरणीत, दुसऱ्या खोलीत ताटात. शालू रस्सा ढवळत होती असं तिनंच मला सांगितलं. जेवण झालं, ढेकर झाला, मार्क झाले. आणि निकालात शालू कॉलेजात पहिली आली.

चौकात फ्लेक्स लागला. मत्स्यवाल्या सरांचा फोटो मोठा, शालूचा लहान. तिनं कपाळावर ओढणी घेतली होती आणि कॅमेऱ्याकडे न बघता खाली बघत होती. तोच फ्लेक्स पुढे कुणीतरी गोठ्यावर टाकला, मी पाहिलाय, म्हशीच्या शेणाचे शिंतोडे त्या ‘दणदणीत यशा’वर. मला ते बघून बरं वाटलं. इंजिनिअरिंगचे अर्ज निघाले तेव्हा शालू तिच्या बाबांसोबत यवतमाळला आली. मी सोबत होते. खिडकीतल्या माणसानं मार्कशीट पाहिली, भुवया उंचावल्या, इतके मार्क! मग बोट खालीवर फिरवलं.

“गणित कुठाय?”

 शालूचे बाबाच पुढे झाले आणि अभिमानानं म्हणाले, “साहेब, मासे आहेत नं. मासे पुरे नाही का?”

खिडकीतला माणूस हसला नाही. बरं झालं हसला नाही. त्यानं मार्कशीट परत दिली आणि “पुढचे” म्हणाला. बाबांना कळेना, ते तिथेच उभे राहिले. शालूनंच त्यांचा हात धरून त्यांना बाजूला नेलं. गणित सोडल्यावर इंजिनिअर होता येत नाही, हे आमच्या अख्ख्या तालुक्यात एकालाही माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. माहीत असलेल्यांना तुकडी भरायची होती.

पुढच्या उन्हाळ्यात शालूचं लग्न झालं. पळस फुलला होता, मोहाचा वास तांड्यापर्यंत येत होता आणि बाया गात होत्या. मत्स्यवाले सर पंगतीला होते. पत्रावळीवरून उठताना त्यांनी नवऱ्या मुलाची पाठ थोपटली आणि सांगितलं, “आमची टॉपर आहे बरं.”

तेच सर आता प्राचार्य आहेत. बरण्यांच्या त्या खोलीत आमच्या मागून आले, पांढरे केस, हातात प्लास्टिकचा तुकडा. शालूला ओळखून त्यांचा चेहरा खरोखर फुलला. “अरे, टॉपर! पोरगी का हे? बस झालं, हिलेही टॉपर करू.” शालू वाकून त्यांच्या पाया पडली. मी दुसरीकडे पाहिलं. दुसरीकडेही मासेच होते.

“गणित?” मी विचारलं.

“कोणी घेत नाही मॅडम आता. यवतमाळले आहे, तिथं रोजचं जाणं-येणं. पोरीच्या जातीले कायले तरास? उद्या दुपारपर्यंत ऑनलाइन फॉर्म टाकून द्या, मुदत संपून राह्यली.”

पायल आमचं ऐकत नव्हती. ती दोन बरण्यांच्या मधून मान घालून मागचा फळा बघत होती. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

बाहेर आलो. जीप स्टँडवर चहाच्या टपरीपुढे बाकडं होतं, तिथे बसलो. पायल पाण्याची बाटली आणायला गेली आणि मी शालूवर तुटून पडले. म्हटलं, लाज वाटत नाही तुला? त्या माणसाच्या पाया पडतेस? ज्या खड्ड्यात तुला ढकललं त्यातच पोरीला ढकलतेस आणि वर मला बोलावतेस, धक्का मारायला? टपरीवाला पाहायला लागला तरी मी थांबले नाही.

शालूनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, “तुले वाटते मी विसरली?”

“काय? गणित?” मी म्हणाले.

“काहीच नाही विसरली. कापूस वेचतानी करते, भांडे घासतानी करते. जे शिकली तेवढंच उलटंपालटं करत राह्यते. त्याच्या पुढं काय होतं ते मले माहीत नाही, अन् ते माहीत नाही हे दर रोज माहीत असते.” तिनं ओढणीनं तोंड पुसलं. “आवडत नसलेली गोष्ट गेली तं माणूस झोपते. आवडलेली गेली तं सारी उमर आपल्याच हाताचा वास घेत बसा लागते. उद्या यवतमाळलेही तुकडी बंद केली तं? मास्तर निघून गेला तं? कोणाच्या भरोशावर पाठवू? तिले गोडी लागाच्या आदीच तोडून टाक. तुह्यासाठी सोपं आहे. तू पुढं पाहून आली.”

 इतकी वर्षं मला त्या माणसाची किळस होती, त्याच्या बोटांची, त्या बरण्यांची. ती कमी झाली नाही. पण आता कळलं, त्यानं नासवलेलं बरणीत नव्हतंच. ते इथे बाकड्यावर बसलं होतं, माझ्या शेजारी, आणि आपल्या पोरीला गोडी लागू नये म्हणून धडपडत होतं.

पायल आली. बाटली आईला दिली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“मावशी, एक इचारू?” तिनं आईकडे बोट केलं. “याडी म्हणते तुमाले सारं येते.”

“विचार.”

“धाव्वीत सरनं सांगतलं का उणे एकचं वर्गमूळ नसते. मी म्हटलं काहून नसते, तं म्हणे बस खाली. आता तुमीच सांगा. खरंच नसते का?”

शालूनं माझा दंड धरला. हळूच, पण घट्ट. “सांगू नको,” ती म्हणाली.

मी दर वर्षी हेच शिकवते. पहिल्या आठवड्यात, नव्या पोरांना. पोरं जांभया देतात, मागच्या बाकावर मोबाइल चालू असतो, कुणी असा प्रश्न विचारत नाही. इथे एक पोरगी धुळीत उभी राहून विचारत होती आणि माझ्या तोंडात ‘असतं’ हा शब्द तयार होता. मी शालूकडे पाहिलं. पोरगी तिची होती. मी गिळला.

जीप आली. ड्रायव्हर गावांची नावं ओरडायला लागला, बाया गाठोडी घेऊन धावल्या. शालू उठली, दोन पावलं गेली. पायल तिथेच उभी.

“म्हणजे नसते,” पायल म्हणाली, स्वतःशीच. वाईट वाटल्यासारखी नाही, एखादा विषय मिटवून टाकावा तशी. आणि वळली.

शालू थांबली. जीपच्या दांड्यावर तिचा हात होता. मी तिच्या पाठीकडे पाहत होते. आतून बाया म्हणत होत्या, चाल ना वं, बस ना. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

“असते,” शालू म्हणाली.

“हॅ?”

“असते म्हटलं नं.” ती वळली तेव्हा तिचा चेहरा रागानं लाल झाला होता. “चुकीचं सांगतलं त्यानं तुले. असते.”

“मंग कुठी असते?”

शालूनं एक पाय जीपमध्ये ठेवला.

“यवतमाळले. उद्या सकाळीच जाऊ. बस आता.”